टेस्ट पॅच हरवला

वजन उतरवणारं मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं आणि पुढच्या काही महिन्यांत गालफडं बसलेले चेहरे दवाखान्यात दिसू लागले. मागणी ठरलेली: लेझर आणि फिलर एकाच बैठकीत, लग्नाआधी. परवा एका मुलीने दुसरीकडचं पॅकेजचं पत्रक दाखवलं. त्यात टेस्ट पॅचचं, म्हणजे आधी छोट्या जागी लेझर मारून पाहण्याचं, नावही नव्हतं. ते लागलं मनाला.

आधी काय होतं ते सांगताना नव्वदच्या दशकावर वेळ घालवत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझर तेव्हा त्वचेचा अख्खा वरचा थर सोलून काढायचा. सावळ्या चेहऱ्यावर मागे उरायचे काळे डाग.

माझं दशक सुरू झालं ते 2004 नंतर. बोस्टनच्या मॅनस्टाइन आणि अँडरसन यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली: किरण बारीक ठिपक्यांतच खोल शिरतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि तीच जखम भरून काढते. यंत्रं आली, पण सोबतचे ऊर्जेचे तक्ते गोऱ्या कातडीचे. एका बाईंच्या गालावर हँडपीसच्या टोकाचे चौकोन काळे उमटले, तर कंपनीचा माणूस म्हणाला, 'पेशंटने ऊन टाळलं नसेल.' तो राग अजून गेलेला नाही. तक्ते बाजूला ठेवून आम्ही ठिपके विरळ केले, ऊर्जा उतरवली. कानामागे नखाएवढा पॅच मारायचा, तिसऱ्या दिवशी तिथे खरखर यायची, मग चार-सहा आठवडे रंग पाहायचा. नवं कोलॅजन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात, हे पेशंटही ऐकून घ्यायचे. आधी उष्णता, त्वचा शांत झाली की सुई, हा क्रम. लेझर त्वचा थोडी आवळतो, फिलर खालची गेलेली भर देतो; फार ओघळलेल्या मानेला दोन्ही पुरत नाहीत, तिथे सर्जनकडेच पाठवायचं. असं 'नाही' म्हणणारे डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते.

आता दोन दिवसांचा कोर्स करून माणसं फिलर टोचतात. फिलर धमनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित डोळाही जातो. हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर विरघळवणारं हायल्युरॉनिडेज हाताशी आहे का, हे कुणी विचारत नाही. त्या मुलीला मी ते विचारायला लावलं. पलीकडून उत्तर आलं, 'त्याची गरज पडत नाही.' तिने भरलेले पैसे परत मागितले आहेत. अजून मिळालेले नाहीत.