नदीच्या पातळीखाली वसलेले गाव

नदी सखल भागातून वाहते, हे आपण पाचवीतच शिकवतो. नेदरलँड्समधील न्यूवेरकेर्क आन डेन आयसेल या गावी मात्र हे उलटे दिसते. ‘आन डेन आयसेल’ म्हणजे आयसेलकाठचे. (देशाच्या पूर्वेला आयसेल नावाची मोठी नदी आहे, ती ही नव्हे.) रॉटरडॅम–खौडा लोहमार्गावरचे हे निवांत, राहत्या घरांचे गाव. नदी पाहायची तर येथे बांधाचा चढ चढावा लागतो! गावाजवळच देशातील सर्वांत सखल जागा आहे. ती प्रमाण समुद्रपातळीच्या ६.७६ मीटर खाली आहे, म्हणजे दुमजली घर बुडेल इतकी.

असे का झाले? येथे पूर्वी पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, जाड थर होते. वाळलेले पीट जळते. शहरांच्या चुलींसाठी लोकांनी ते शतकानुशतके उपसले. खड्ड्यांची तळी झाली आणि लाटांनी ती रुंदावू लागली. एकोणिसाव्या शतकात पवनचक्क्या व वाफेची यंत्रे लावून मोठे तळे कोरडे केले. त्याचा तळ म्हणजे आजची जमीन. तिच्यावर पडलेला पाऊस आपोआप वाहून जाऊ शकत नाही. तो पंपांनी वर उचलून नदीत सोडावा लागतो.

नदीला भरती-ओहोटी आहे, आणि धोका तिथेच आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळी भरतीने येथील बांध फुटला. मागच्या सखल प्रदेशात लाखो माणसे होती. महापौरांच्या आज्ञेवरून आरी एव्हेग्रून या नावाड्याने आपले मालवाहू जहाज भगदाडाशी नेले. आत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबानेच ते दार लागावे तसे भगदाडावर घट्ट बसले! त्या वादळात देशात १,८३६ माणसे दगावली. हा प्रदेश वाचला.

पुढे १९५८ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला, क्रिम्पेन येथे, ८० मीटर रुंदीचा पोलादी दरवाजा बसला. वादळी भरतीच्या वेळी तो खाली सोडतात. पण मग नदीचे पाणीही आतच अडते. त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर पंप चालवून नदी फुगवायची, की पंप थांबवून शेतांत व रस्त्यांवर पाणी साचू द्यायचे, हे ठरवावे लागते.