प्राथमिक साधन म्हणजे काय

आठवीच्या इतिहासात ‘इतिहासाची साधने’ हा पाठ असतो. तिथे एक समज सहज रुजतो: प्राथमिक साधन म्हणजे जुने, आणि म्हणून खरे.

प्राथमिक साधन (घटनेच्या काळातच निर्माण झालेला कागद, शिलालेख किंवा वस्तू) घटनेच्या जवळचे असते, एवढेच. दुय्यम साधन (ती साधने तपासून नंतर केलेले लेखन) कमी प्रतीचे नसते. एखाद्या नाक्यावर अपघात झाला, तर तो पाहिलेल्या रिक्षाचालकाचा जबाब मोलाचा. पण त्याने अपघात एकाच बाजूने पाहिलेला असतो. चार जबाब पडताळून केलेला अहवाल अधिक नेमका असू शकतो.

जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले १८८२चे ठाणे जिल्हा गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) पाहा. शिलाहार राजांविषयी ते दुय्यम साधन, तिथे प्राथमिक ठरतो अंबरनाथ मंदिरातला शके ९८२चा (इ.स. १०६०) शिलालेख. पण इंग्रज अधिकारी आगरी, कोळी, वारली लोकांकडे कसे पाहत, असा प्रश्न विचारला की तेच गॅझेटियर प्राथमिक होते. त्यातली या समाजांच्या स्वभावाबद्दलची सरसकट विधाने राज्यकर्त्यांच्या नजरेचा पुरावा आहेत, त्या माणसांचे वर्णन नव्हे. मुलांना हे सांगितल्याशिवाय असा उतारा वर्गात वाचू नये.

वर्गात एक छोटा उतारा पुरतो. तो कोणी लिहिला, कोणासाठी, आणि त्यात कोणाचा आवाज नाही, हे मुलांना शोधू द्यावे. उदाहरणार्थ, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. तो प्रसंग शिकवताना ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांशेजारी मराठी कागदही हवेत.