सुई हातात, घर डोक्यावर

मंगळवार, 14 एप्रिल 2020. कोथरूड, पुणे.

पहाटे साडेपाच. दिवसभरात माझा म्हणावा असा तास हाच. बाकीचे उठायच्या आत बाल्कनीत सतरंजी टाकून गोधडी पसरायची. सासूबाईंची दोन सुती नऊवारी लुगडी, माझ्या आईचं एक पातळ, मध्ये विरलेली सोलापुरी चादर. थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून आधी मोठे कच्चे टाके घातलेत, नाहीतर आतली चादर गोळा होते. आता कडेकडेने धावदोरा, दुहेरी दोऱ्याचा, आत आत येत. लॉकडाउन लागला त्याच दिवशी, पाडव्याला, ही काढली. गुढीचं वस्त्र ठेवायला कपाट उघडलं आणि लुगडी हाती लागली.

गोधडीचा एक गुण कुणी फारसा सांगत नाही. ती कुठेही थांबवता येते. क्रोशात टाके मोजावे लागतात, मध्येच कुणी हाक मारली की हिशोब चुकतो. भरतकामाला नीट उजेड आणि स्थिर हात लागतो. गोधडीत मात्र दूध उतू जातंय असं वाटलं की सुई कापडात खोचायची आणि उठायचं. परत येऊन बसलं की पुढचा टाका. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी गोधड्याच का शिवल्या, याचं निम्मं उत्तर मला यात दिसतं. उरलेलं निम्मं थंडीत आहे.

साडेसहा. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, पुसायच्या, मग दूध तापवायचं. भाजी खायच्या सोड्याच्या पाण्यात. कामाच्या मावशी पाडव्यापासून आलेल्या नाहीत, सोसायटीने फाटकच बंद केलंय. पगार चालू आहे, भांडी माझ्याकडे आहेत. केर यांनी काढायचा असं ठरलंय आणि हे तो काढतातही, फक्त कोपरे सोडून.

नऊ वाजता दूरदर्शनवर रामायण. रामानंद सागरांची 1987 ची मालिका 28 मार्चपासून परत दाखवतायत, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. सासूबाई दोन्ही वेळा बघतात. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून मी सकाळीच चार-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. डोळे पडद्यावर आणि बोटं कापडावर, तरी यांच्या शर्टाची काजं अशी करतात की मशीनने लाजावं.

दहा वाजता पंतप्रधानांचं भाषण. लॉकडाउन 3 मेपर्यंत वाढला. शेवटी त्यांनी सात गोष्टी सांगितल्या, त्यात घरी बनवलेला मास्क वापरा हेही होतं. भाषण संपल्यावर यांनी बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या मशीनकडे बघितलं. "म्हणजे तुझं काम वाढलं गं." कालपर्यंत त्या मशीनला हे अडगळ म्हणत होते. मुंबई महापालिकेने मास्क 8 एप्रिललाच सक्तीचा केला होता, आणि पुण्यातही नाक झाकल्याशिवाय बाहेर पडायची सोय उरली नव्हती. त्यामुळे मी तसंही शिवत होतेच. पण आज त्याला राष्ट्रकार्याचा मान मिळाला. गोधडीला तो मिळणार नाही.

साडेदहा ते एक मास्क, म्हणजे स्वयंपाकाच्या अधूनमधून. जेवणाच्या टेबलावर यांचं ऑफिस बसलंय, तेव्हा बेतायचं पलंगावर. मोठ्यांसाठी 9 बाय 7 इंच, मुलांसाठी 7 बाय 5. कापड सुती, धुऊन आटवलेलं, दोन पदरी. आडव्या तीन चुण्या, तिन्ही एकाच दिशेला, आणि घातल्यावर त्या खाली वळलेल्या हव्यात. वर वळल्या तर त्यात धूळ साठते. इलॅस्टिक पहिल्या आठवड्यातच संपलं. तुळशीबाग बंद, लक्ष्मी रोड बंद. मग जुन्या परकरांच्या नाड्या काढल्या. त्या संपल्यावर चादरीच्या काठाच्या पट्ट्या दुमडून शिवल्या. नाडीचा मास्क खरं तर जास्त चांगला, कान दुखत नाहीत आणि प्रत्येकाच्या तोंडाला मापाचा बसतो. पांढरा दोरा संपत आलाय, म्हणून वर पांढरा आणि बॉबिनमध्ये पिवळा. आतली बाजू कोण बघतंय! आजचे मास्क फाटकावरचे वॉचमन आणि झाडणाऱ्या बायकांना जातील. टीप घालताना दर चार मिनिटांनी आवाज येतो, "अगं, जरा थांबव ना, माझी मीटिंग चालू आहे." मशीन थांबतं. मीटिंग थांबत नाही.

दीड वाजता जेवणं. भांडी.

तीनला लेक तिची रिंग घेऊन बसते. तिची दहावी. भूगोलाचा एकच पेपर राहिला होता, तो आधी पुढे ढकलला आणि परवा रविवारी रद्दच झाला. वर्षभराचा नकाशा वहीतच राहिला. आता ती मोबाइलवर बघून भरतकाम शिकते. साखळी टाका जमला, गाठीच्या टाक्याने तिला रडवलं. दोऱ्याचे वेढे सुईवर घट्ट धरून सुई हळू ओढायची असते, आणि हळू हा शब्द पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला सांगून उपयोग नसतो. आज पानांची वेल पुरी झाली. फोटो काढून मैत्रिणींना पाठवलाही. मग आजीला दाखवायला गेली.

"छान. आता पाठ दाखव."

सासूबाई रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात शिवण शिकलेल्या. त्यांच्या लेखी भरतकामाची परीक्षा उलट्या बाजूने. लांब ओढलेले दोरे, जागोजाग गाठी, एका पानावरून दुसऱ्यावर मारलेल्या उड्या, सगळं तिथे उघडं पडतं. लेकीने रिंग उलटी केली. आजी काही बोलल्या नाहीत, कात्री पुढे केली. लेक तणतणली, पण अर्धी वेल उसवली. मला विचाराल तर या घरात गेल्या तीन आठवड्यांत झालेलं खरं शिक्षण एवढंच. धाकट्याच्या शाळेने व्हॉट्सॲपवर पाठवलेला गृहपाठ मी धरत नाही. तो मीच करते.

साडेपाचला चहा आणि बातम्या. वांद्र्याला स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले होते. गाड्या सुटतील, गावी जाता येईल या आशेने आलेले. आम्ही सगळे गप्प. माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. मुंबईत धारावी, गोवंडीच्या खोल्यांत अड्ड्यावर ताणलेल्या कापडाभोवती बसून जरी आणि आरीचं काम करतात, ते कारागीर बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, बंगालचे. लग्नाच्या शालूच्या ब्लाउजवर जे नाजूक काम आपण कौतुकाने बघतो, ते त्यांच्या हातचं. त्यांची सुई तीन आठवडे बंद आहे आणि ती बंद म्हणजे जेवण बंद. इकडे आमच्यासारख्यांच्या सुया उघडल्या, त्याचे फोटो फिरतायत. एकाच हत्याराची ही दोन नशिबं बघून मला ते फोटो नकोसे वाटतात. डालगोना कॉफीचे तर त्याहून.

सात. आंबेडकर जयंती असल्याने समोरच्या इमारतीत दोन-तीन बाल्कन्यांत मेणबत्त्या आहेत. बाबासाहेबांची जयंती यंदा घरातच करायची, असं आवाहन होतं. रस्त्यावर ना मिरवणूक, ना ढोल.

आमच्या घरात त्याच वेळी कुकरवरून वाद. मास्क साबणाने धुऊन पाच तास कडक उन्हात वाळवायचे, किंवा कुकरमध्ये पाण्यात उकळायचे, असं सरकारी सूचनांत आहे. हे वाचून यांनी वापरलेले मास्क कुकरात टाकले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "माझ्या वरणाच्या कुकरात नाकाची फडकी?" एप्रिलमधल्या पुण्यात ऊन फुकट मिळत असताना कुकर कशाला, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. मास्क दोरीवर गेले, वरण उशिरा झालं.

नऊ. पुन्हा रामायण. मांडीवर गोधडी. एक ओळ, फार तर दीड.

लॉकडाउनने माणसांना वेळ दिला, असं सगळे सांगतात. यांना प्रवासाचे दोन तास मिळाले, लेकीला भूगोलाचा पेपर सुटला. माझ्या वाट्याला आली चोवीस तास घरात असलेली चार माणसं आणि त्यांची पाच वेळची भांडी. सुई चालली ती या सगळ्याच्या फटींतून. पुढचं सांगायचं तर, गोधडी पुरी झाली 2022 मध्ये, यांचं ऑफिस आणि धाकट्याची शाळा नीट सुरू झाल्यावर.