कार्य प्रशिक्षण, अप्रेंटिस आणि कायम नोकरी

'कार्य प्रशिक्षणाला लागलो म्हणजे सरकारी खात्यात पाय रोवला.' औंढा नागनाथसारख्या तालुक्यात पोरांचं सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच आहे. जवळ मोठा उद्योग नाही, शेती पावसावर. मग सरकारी कार्यालयात एकदा शिरकाव झाला की पुढचं जमेल, असं घरच्यांनाही वाटतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झाली. १८ ते ३५ वयाच्या उमेदवाराने सरकारी किंवा खासगी आस्थापनेत सहा महिने काम शिकायचं. बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय वा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत पुढे ५ महिन्यांनी वाढली, म्हणजे एकूण ११. ही रक्कम विद्यावेतन आहे, पगार नव्हे. योजनेला 'लाडका भाऊ' हे नाव रूढ झाल्यामुळे पैसे घरबसल्या मिळतात असं काहींनी धरलं, पण हजेरी नसेल तर विद्यावेतनही नाही.

मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणत राज्यभर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. त्यांचा संताप मला पटतो. शाळेत वर्ग सांभाळले, कार्यालयात नोंदी केल्या, आणि अकराव्या महिन्यानंतर घरी. रिकाम्या जागांचं काम प्रशिक्षणार्थींकडून भागवणं सरकारने थांबवलं पाहिजे. पण कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सरकारी पद संविधानाच्या कलम १४ आणि १६ प्रमाणे खुल्या स्पर्धेतूनच भरायचं. भरतीची रीतसर प्रक्रिया टाळून केवळ बराच काळ काम केलं, एवढ्यावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. 'थांब, होशील कायम' असं कोणी सांगत असेल, तर त्याच्या भरवशावर स्पर्धा परीक्षेचं वय घालवू नये.

दुसरा घोळ म्हणजे हे प्रशिक्षण आणि अप्रेंटिसशिप एकच मानणं. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. एसटी, महावितरण, रेल्वे शिकाऊ उमेदवारांची भरती याच कायद्याने करतात. इथेही नोकरीची हमी नाही. कलम १८ शिकाऊ उमेदवाराला कामगार मानत नाही. तरीही या प्रमाणपत्राला वजन आहे. रेल्वेच्या लेव्हल १ च्या थेट भरतीत २० टक्के जागा अशा उमेदवारांसाठी राखीव आहेत. २० मार्च २०१८ रोजी माटुंगा-दादर दरम्यान लोकल अडवणारे शिकाऊ उमेदवार हीच २० टक्क्यांची मर्यादा काढा म्हणत होते. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की बाकी सगळं समान असेल, तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं.

आणि औंढ्याचा खास समज: 'लिगो आला की घरटी एक नोकरी.' तालुक्यातल्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी ही प्रयोगशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. केंद्राची पदं देशभरातल्या उमेदवारांसाठी खुली असतात, आणि कलम १६ जन्मस्थानावरून भेदभाव करू देत नाही. त्यामुळे 'स्थानिकांना जागा' ही मागणी मोर्चात जोरदार वाटली, तरी नेमणुकीच्या टेबलावर टिकणारी नाही. टिकेल ते कौशल्य. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, लेसर, वातानुकूलन, अखंड वीज: हे चालवायला वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशनचे तंत्रज्ञ लागतात. आयटीआय करणाऱ्या इथल्या मुलाने म्हणूनच अप्रेंटिसला लागताना एक गोष्ट आधी पाहावी: आपला करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला आहे का. ती नोंद नसेल, तर वर्षभर राबूनही राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत नाही.