विश्लेषण : पॉइंट गार्डने स्वतः शॉट मारावा की सहकाऱ्याला पास द्यावा? रसेल वेस्टब्रूकवरून सुरू झालेला वाद नेमका काय सांगतो?

१९ एप्रिल २०१७. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफची पहिली फेरी. ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी थंडर संघाच्या रसेल वेस्टब्रूकने ५१ गुण, १३ असिस्ट आणि १० रिबाउंड अशी कामगिरी केली. प्लेऑफच्या इतिहासात ‘ट्रिपल-डबल’ करताना तोवर कोणीच इतके गुण मिळवले नव्हते. तरीही थंडरने सामना १११-११५ असा गमावला.

दुसऱ्या दिवशी चर्चा ५१ गुणांची झाली नाही, ती झाली ४३ शॉट्सची. वेस्टब्रूकने सामन्यात ४३ शॉट मारले आणि त्यांपैकी १७ बास्केटमध्ये गेले. शेवटच्या क्वार्टरमध्ये तर १८ पैकी फक्त ४. इतक्या वेळा चुकत असताना त्याने चेंडू इतरांकडे का दिला नाही, असा टीकाकारांचा सवाल होता. दिला असता तर पुढे काय झाले असते, असा त्याच्या चाहत्यांचा प्रतिसवाल होता. हा वाद एका खेळाडूपुरता मर्यादित नाही. पॉइंट गार्डचे काम नेमके काय, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

पॉइंट गार्ड म्हणजे कोण?

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी चेंडू ड्रिबल करत पुढे आणणारा, कोणती चाल खेळायची हे ठरवणारा आणि सहकाऱ्यांना योग्य जागी चेंडू पोहोचवणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. संघाला प्रत्येक आक्रमणासाठी २४ सेकंद मिळतात. त्यांतील बराच काळ चेंडू याच खेळाडूच्या हातात असतो. त्यामुळे शॉट कोण मारणार, हा निर्णयही बहुतेक वेळा त्याचाच असतो.

‘पॉइंट गार्ड आधी पास देतो, मग शॉटचा विचार करतो’ ही पारंपरिक समजूत याच भूमिकेतून आली. युटा जॅझचा जॉन स्टॉकटन हा त्या परंपरेचा आदर्श मानला जातो. त्याच्या नावावर १५,८०६ असिस्ट आहेत आणि हा विक्रम आजही अबाधित आहे. गुणांची सरासरी मात्र सामन्यामागे १३.१ इतकीच होती.

वेस्टब्रूकवर टीका कधीपासून सुरू झाली?

२०१७ च्या बरीच आधी. थंडर संघात त्याच्यासोबत केविन ड्युरंट होता. २०११-१२ च्या हंगामात ड्युरंट सामन्यामागे २८ गुणांसह लीगमध्ये अव्वल होता. तरीही दोघांच्या शॉट्सची संख्या जवळपास सारखी होती : ड्युरंटचे सामन्यामागे १९.७, वेस्टब्रूकचे १९.२. लीगमधला सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू शेजारी असताना पॉइंट गार्डने जवळपास त्याच्याइतकेच शॉट मारावेत का, हा प्रश्न साहजिक होता.

२०१२ च्या अंतिम फेरीत थंडरसमोर मायामी हीट होता. दुसऱ्या सामन्यात वेस्टब्रूकचे २६ पैकी १० शॉट यशस्वी ठरले आणि थंडर ९६-१०० असा हरला. त्यानंतर मॅजिक जॉन्सनने टीव्हीवरील चर्चेत त्याच्यावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. एनबीएच्या इतिहासातील सर्वोत्तम पॉइंट गार्ड मानल्या जाणाऱ्या माणसाची ही टीका असल्याने तिचे वजन मोठे होते.

पण दोनच सामन्यांनंतर चित्र उलटे झाले. चौथ्या सामन्यात वेस्टब्रूकने ३२ पैकी २० शॉट यशस्वी करत ४३ गुण मिळवले. ड्युरंटने २८ गुणांची भर घातली. उरलेल्या सर्व खेळाडूंचे मिळून गुण होते २७. थंडर ९८-१०४ असा हरला आणि पुढे मालिकाही ४-१ ने गेली. या सामन्यात वेस्टब्रूकने शॉट कमी मारायला हवे होते, असे म्हणणे अवघड आहे.

एका शॉटची ‘किंमत’ कशी मोजतात?

शॉट की पास हा निर्णय तपासायचा तर एक साधा हिशेब उपयोगी पडतो. तो म्हणजे प्रत्येक शॉटमागे सरासरी किती गुण मिळतात. एखादा खेळाडू दोन गुणांचे मध्यम अंतरावरचे शॉट ४० टक्के वेळा यशस्वी करत असेल, तर त्याच्या प्रत्येक शॉटची किंमत ०.८ गुण होते. तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळा उभा असलेला सहकारी ३६ टक्के यशस्वी होत असेल, तर त्याच्या शॉटची किंमत १.०८ गुण. म्हणजे टक्केवारी कमी असूनही पास देणे फायद्याचे ठरते. सामन्यात अशी वेळ वीसदा आली, तर फरक पाच-सहा गुणांचा पडतो. २०१७ च्या त्या सामन्यातील पराभव चार गुणांचा होता.

यात फ्री थ्रो धरले की ‘ट्रू शूटिंग’ हा आकडा मिळतो. २०१६-१७ च्या हंगामात वेस्टब्रूकचे ट्रू शूटिंग सुमारे ५५ टक्के होते, म्हणजे लीगच्या सरासरीइतके. त्याच हंगामात रॉकेट्सच्या जेम्स हार्डनचे ते सुमारे ६१ टक्के होते. वेस्टब्रूक सामन्यामागे २४ शॉट मारत होता, हार्डन सुमारे १९. गुण मात्र अनुक्रमे ३१.६ आणि २९.१. म्हणजे पाच शॉट जास्त मारून वेस्टब्रूकला अडीच गुणच जास्त मिळत होते.

मग पास दिला की प्रश्न सुटतो का?

इथे हिशेब गुंतागुंतीचा होतो. ०.८ ची तुलना १.०८ शी तेव्हाच करता येते, जेव्हा सहकारी खरोखर मोकळा असतो आणि त्याला शॉट मारता येतो. क्रिकेटमध्ये तळाचे फलंदाज सोबत असताना स्थिरावलेला फलंदाज स्ट्राइक स्वतःकडे ठेवतो आणि त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही. बास्केटबॉलमध्येही सोबत कोण आहे यावरच निर्णयाचे मोल ठरते.

ड्युरंट २०१६ च्या उन्हाळ्यात संघ सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला. त्यानंतरच्या हंगामात वेस्टब्रूकने ४२ ट्रिपल-डबल केले आणि ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२ मधील ४१ चा विक्रम मोडला. त्या ४२ पैकी ३३ सामने थंडरने जिंकले. उरलेल्या ४० सामन्यांपैकी जिंकले फक्त १४. अर्थात, ट्रिपल-डबलमुळे विजय मिळाला की संघ चांगला खेळला म्हणून ट्रिपल-डबल झाला, हे या आकड्यावरून ठरत नाही, कारण सहकाऱ्यांचे शॉट पडले तरच असिस्ट मोजला जातो. पण संघ एका माणसावर किती टेकला होता, हे त्यातून दिसते. ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेतही वेस्टब्रूक विश्रांतीसाठी बाहेर बसला की थंडरची पिछाडी झपाट्याने वाढत होती.

दुसरा मुद्दा पासच्या किमतीचा. पास फुकट नसतो. तो अडवला गेला तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो आणि त्या आक्रमणातून शून्य गुण मिळतात. २०१६-१७ मध्ये हार्डनने सामन्यामागे ११.२ असिस्टसह लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले, पण त्याच हंगामात त्याने सामन्यामागे ५.७ वेळा चेंडूही गमावला.

शॉट टाळणाऱ्या पॉइंट गार्डचे काय होते?

याचे ठळक उदाहरण फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सचा बेन सिमन्स. २०२१ मध्ये फिलाडेल्फिया पूर्व विभागात अव्वल होता. अटलांटा हॉक्सविरुद्धची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. शेवटच्या काही मिनिटांत सिमन्सला बास्केटच्या अगदी खाली चेंडू मिळाला. डंक मारायची संधी समोर असताना त्याने चेंडू सहकाऱ्याकडे दिला. त्या सहकाऱ्यावर फाउल झाला आणि दोनपैकी एकच फ्री थ्रो आत गेला. सिमन्सने संपूर्ण सामन्यात फक्त ४ शॉट मारले. त्याचे असिस्ट १३ होते, तरीही संघ ९६-१०३ असा हरून बाहेर पडला.

सिमन्स शॉट का टाळत होता, याचे एक उत्तर फ्री थ्रोच्या आकड्यात आहे. त्या प्लेऑफमध्ये त्याचे ७३ पैकी २५ फ्री थ्रोच यशस्वी झाले होते. शॉट मारायला गेले की फाउल होणार आणि फाउल झाला की फ्री थ्रो चुकणार, हे गणित प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक होते.

पॉइंट गार्ड शॉट मारणारच नाही अशी खात्री पटली, की त्याला अडवणारा बचावपटू दोन पावले मागे सरकतो. मग तो पासच्या वाटेत उभा राहू शकतो किंवा दुसऱ्या बचावपटूच्या मदतीला धावू शकतो. म्हणजे शॉट न मारण्याचा फटका पासलाही बसतो.

शॉटच्या धाकामुळे पास सोपा होतो का?

स्टीव्ह नॅशच्या कारकिर्दीत हेच दिसते. २००४ मध्ये तो फिनिक्स सन्सकडे आला, तेव्हा आधीच्या हंगामात संघाने ८२ पैकी २९ सामने जिंकले होते. त्याच्या पहिल्याच हंगामात ती संख्या ६२ झाली. नॅशचे सामन्यामागे ११.५ असिस्ट आणि १५.५ गुण होते. तो लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. त्याची ओळख पास देणारा अशी असली, तरी कारकिर्दीत चार हंगामांत त्याने एकूण शॉट्समध्ये ५०, तीन गुणांच्या शॉट्समध्ये ४० आणि फ्री थ्रोमध्ये ९० टक्क्यांचा टप्पा गाठला होता. त्याला मोकळे सोडणे परवडत नसल्याने बचावपटू त्याच्याकडे ओढले जात आणि पासच्या वाटा खुल्या होत.

स्टीफन करीने हीच कल्पना पुढे नेली. २०१५-१६ मध्ये त्याने तब्बल ४०२ थ्री-पॉइंटर यशस्वी केले. सरासरी होती ३०.१ गुण आणि ६.७ असिस्ट. जुन्या व्याख्येनुसार हा पॉइंट गार्ड ‘फार’ शॉट मारत होता. त्याच्या वॉरियर्सने त्या हंगामात ७३ सामने जिंकून विक्रम केला. फरक इतकाच की करीच्या थ्री-पॉइंटर्सची यशस्विता ४५ टक्क्यांच्या वर होती.

खुद्द मॅजिक जॉन्सनचा अनुभवही बोलका आहे. १९८६ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सला अंतिम फेरी गाठता आली नाही. करीम अब्दुल-जब्बार चाळिशीकडे झुकला होता. तेव्हा प्रशिक्षक पॅट रायली यांनी मॅजिकला गुण मिळवण्याची जबाबदारी जास्त घ्यायला सांगितले. त्याची सरासरी १८.८ वरून २३.९ गुणांवर गेली, तर असिस्ट १२.६ वरून १२.२ वर आले, म्हणजे जवळपास तेवढेच राहिले. त्या हंगामात मॅजिक पहिल्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि लेकर्स विजेते झाले.

भूमिका बदलणे हा पर्याय असतो का?

असतो. ॲलन आयव्हरसन १९९६ मध्ये फिलाडेल्फियाकडून पॉइंट गार्ड म्हणून खेळू लागला. त्याचा ओढा शॉटकडे होता. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी त्याला पास द्यायला भाग पाडण्याऐवजी शूटिंग गार्डच्या जागी हलवले. चेंडू पुढे आणण्याचे काम एरिक स्नोकडे आले. २००१ मध्ये ३१.१ गुणांच्या सरासरीसह आयव्हरसन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. हार्डनचा प्रवास याच्या उलटा. शूटिंग गार्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्डनला प्रशिक्षक माइक डँटोनी यांनी २०१६ मध्ये पॉइंट गार्ड केले.

वेस्टब्रूकने शॉट कमी केले तेव्हा काय झाले?

२०१८-१९ पर्यंत त्याचे शॉट सामन्यामागे सुमारे २० वर आले होते आणि १०.७ असिस्टसह तो लीगमध्ये अव्वल होता. सोबत पॉल जॉर्ज हा सामन्यामागे २८ गुण मिळवणारा खेळाडू होता. टीकाकारांनी मागितलेला बदल बऱ्याच अंशी झाला होता. तरीही पोर्टलँडविरुद्ध थंडर पहिल्याच फेरीत ४-१ ने हरला. कारण शॉटची संख्या घटली, पण यशस्विताही घसरली होती. त्याचे ट्रू शूटिंग सुमारे ५० टक्क्यांवर आले होते. बचावपटू त्याला बाहेरून शॉट मारू देण्यास तयार होते.

मग सामना पाहताना काय पाहावे?

शॉट किती मारले, यापेक्षा कोणते मारले हे पाहणे जास्त उपयोगी. तीन गोष्टींवर लक्ष ठेवता येते. पहिली, २४ सेकंदांपैकी किती उरले आहेत. १८ सेकंद हाताशी असताना दोन बचावपटूंवरून मारलेला शॉट आणि शेवटच्या दोन सेकंदांत नाइलाजाने मारलेला शॉट यांना एकच माप लावता येत नाही. दुसरी, बचावपटू पॉइंट गार्डच्या किती जवळ आहे. तो मागे सरकला असेल, तर शॉट मारणे हे पॉइंट गार्डचे कामच आहे. तिसरी, पास मिळू शकणारा सहकारी कोण आणि तो कुठे उभा आहे.

या कसोट्यांवर २०१७ च्या त्या शेवटच्या क्वार्टरमधले सगळे १८ शॉट टिकत नाहीत. पण ते १८ च्या १८ पास झाले असते तर थंडर जिंकला असता, असेही सिद्ध होत नाही. पॉइंट गार्डने शॉट कमी करावेत का, याचे उत्तर अर्धे त्याच्या मनगटात असते आणि अर्धे उरलेल्या चौघांमध्ये. ते चौघे निवडण्याची जबाबदारी मात्र पॉइंट गार्डची नसते. ती संघ बांधणाऱ्यांची असते. २०१२ च्या अंतिम फेरीत वेस्टब्रूकसोबत ड्युरंट आणि हार्डन दोघेही होते. २०१७ मध्ये त्यांपैकी एक दुसऱ्या संघात होता आणि दुसरा प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभा होता.