भंगारवाला जे घेत नाही, त्याची आरास

धुळ्याहून आलेल्या एका ताईंनी मघाशी विचारलं, "कचऱ्यापासून शोभेच्या वस्तू केल्या म्हणजे कचरा खरंच कमी होतो का?" प्रश्न नेमका आहे. दोन दिवसांत फेकायचीच वस्तू असेल, तर आपण कचरा फक्त रंगवला, एवढंच.

म्हणून आम्ही आधी एक गोष्ट बघतो. ही वस्तू भंगारवाला घेतो का? घेत असेल तर त्यालाच द्यायची. आपल्या जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत. तिथे जुनं प्लास्टिक वितळवून केलेले दाणे वापरतात, दाण्यांची काडी होते आणि काडीची चटई विणतात. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा रद्दीत गेला की त्याचा पुन्हा पुठ्ठा होतो. त्याच पुठ्ठ्यावर चमकी आणि ऑइलपेंट थापला, की तो रद्दीच्याही कामाचा राहत नाही.

मग कलेसाठी काय उरतं? वेफर्स, चिवडा, बिस्किटांची चकचकीत पाकिटं. यातली बहुतेक पाकिटं वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांची असतात, आत ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा. खाऊ कुरकुरीत राहतो तो यामुळेच. पण हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. पाकिटं मग नाल्यात जातात, नाहीतर कोणी जाळतं.

आता कृती. पाकीट शिवणीवर उघडा, साबणाने तेल काढा, सावलीत वाळवा. दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. दोन्ही कडा आत दुमडून पट्टी पुन्हा दुहेरी करा आणि स्टीलच्या पेल्याच्या बुडाने घोटा. मग बाजेची नवार विणतो तशी, एक वर एक खाली. कडा गोंदाने चिकटवू नका, दोऱ्याने शिवा. गोधडीचं आहे तसंच हे, शिवलेलं उसवून दुरुस्त करता येतं. पुण्यात 'रीचरखा' ही संस्था तर अशा पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणते आणि त्याच्या बॅगा करते.

आपल्याकडे भाद्रपदात मुली गुलाबाई बसवतात, महिनाभर गाणी म्हणतात. तिच्या मागचा पडदा, दाराचं तोरण असं करून बघा. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा सजावटीचं थर्माकोलही बंद झालं. त्याची जागा या विणकामाने घेता येईल. एक मात्र सांभाळा. हे शेवटी प्लास्टिकच आहे, लगेच पेट घेतं. समई, निरांजन, कानबाईपुढचा दिवा यांच्यापासून ते लांबच ठेवा.

आणि गुलाबाई उठली की पडदा घडी घालून माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी तोच पडदा पुन्हा निघाला, तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर "हो".

चला, कात्र्या टेबलावर ठेवल्यात. पाकिटं आणलीत ना?