शिक्षेचे माप
तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळी मोजतात, सबब चौदा वर्षांची जन्मठेप सात वर्षांतच आटोपते, हा समज चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडूनही इतक्या ठामपणे ऐकू येतो, की तो कोणत्या कलमात लिहिला आहे हे विचारण्याचा धीर सहसा कोणास होत नाही. तो कोणत्याच कलमात नाही. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी, मिळालेली सूट हिशेबात धरता आपली मुदत भरली, असा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला, तेव्हा १९६१ मध्ये न्यायालयाने निःसंदिग्ध निर्वाळा दिला, की जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्याची कैद. दंडसंहितेत तिची वीस वर्षे धरली आहेत ती शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरतीच, आणि उरलेली शिक्षा माफ करणे न करणे हा सरकारचा अधिकार. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने अशी अट घातली, की ज्या गुन्ह्यास फाशीही होऊ शकते त्यातील जन्मठेपीच्या कैद्यास चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावाचून सोडू नये (राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या घटनादत्त क्षमाधिकाराची गोष्ट निराळी). लोक जिला कमाल मर्यादा समजतात, ती अशी किमान मर्यादा आहे.

दोष शाबीत झाला की न्यायाधीश पुस्तक उघडून त्यातील शिक्षा वाचून दाखवितो, हाही भ्रमच. कायदा बहुधा वरची मर्यादा सांगतो. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, एवढेच. त्या मर्यादेच्या आत गुन्ह्याची क्रूरता, आरोपीचे वय, पूर्वीची शिक्षा, प्रसंगाची चिथावणी ही सारी तोलावी लागतात, आणि आरोपी एकवीस वर्षांखालचा असून गुन्हा जन्मठेपेच्या पायरीचा नसेल, तर त्यास तुरुंगात का धाडले याची कारणे १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये लिहून ठेवावी लागतात. त्यासाठीच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषनिर्णय आणि शिक्षा यांच्यामध्ये एक स्वतंत्र सुनावणी घातली. 'शिक्षेबाबत काही सांगावयाचे आहे काय?' असे विचारले जाते, आणि पिंजऱ्यातला मनुष्य म्हातारी आई, लहान मुले, पहिलाच गुन्हा असे काहीबाही पुटपुटतो. पुष्कळ ठिकाणी हा विधी दोन मिनिटांत उरकतो, हे खेदाने म्हणावे लागते. परंतु तो अजिबात गाळल्यामुळे संता सिंग याच्या खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत पाठविले होते.

खून म्हणजे फाशी, हे समीकरण तर केव्हाच मोडले. १९५५ च्या दुरुस्तीपूर्वी, फाशी का दिली नाही याची कारणे न्यायाधीशास लिहावी लागत. १९७३ च्या संहितेपासून फाशी का दिली याची विशेष कारणे लिहावी लागतात. बचन सिंग खटल्याने १९८० मध्ये ती शिक्षा विरळातल्या विरळ प्रकरणांपुरती राखून ठेवली. शिवाय सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही. १ जुलै २०२४ पासून संहितांची नावे आणि कलमांचे आकडे पालटले, तरी ही चौकट तशीच आहे.